गेलेल्या गाड्यांचा चित्रकार

गेल्या श्रावणात आमच्या शाळेतील आठवीच्या वर्गाला चित्रकलेच्या तासास "आपली छोटी लाईन" हा विषय देण्यात आला. विषय देणाऱ्या शिक्षकांचा हेतू साधा होता. ग्वाल्हेरहून श्योपूरकलाँपर्यंत दोन फुटी रुळांवरून धावणारी ती गाडी मार्च २०२० मध्ये बंद पडली, त्या वेळी ही मुले आठ-नऊ वर्षांची होती. त्यांतील पुष्कळांनी ती डोळ्यांनी पाहिलेली, काहींनी तीतून घोसीपुरा-मोतीझीलपर्यंत प्रवासही केलेला. तेव्हा स्मरणाने काढता यावा असाच हा विषय होता. तासाच्या शेवटी जी चित्रे हाती आली ती पाहून मात्र आम्ही अंमळ थक्क झालो. जवळजवळ प्रत्येक चित्रात दोन डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य आणि धुराचे लोट सोडणारे काळे इंजिन! या मुलांच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून त्या मार्गावर डिझेलची इंजिने होती. तो धूर मुलांनी रुळांवर पाहिलेला नव्हता, पाठ्यपुस्तकातील चित्रात पाहिलेला होता. आणि डबे? कुणी निळे रंगवले होते, कुणी विटकरी, एका मुलीने हिरवे. छपरावर बसलेली माणसे मात्र, ज्यांच्यामुळे ही गाडी देशभर ओळखली जात होती, ती फक्त दोघांच्या चित्रांत होती.

मुलांना दोष द्यावा तर शिक्षकांच्या खोलीत तरी काय निराळे घडले! डब्यांचा खरा रंग कोणता, असा प्रश्न आम्ही सहज काढला आणि मधली सुट्टी संपली तरी वाद संपेना. एक गृहस्थ शपथेवर विटकरी म्हणत होते. लष्करात जन्म काढलेल्या दुसऱ्या बाई निळ्यावरून हटत नव्हत्या. तिसऱ्यांनी दोन्ही रंग दोन निरनिराळ्या काळचे असतील अशी तडजोड सुचविली, ती बहुधा सत्याच्या अधिक जवळ असावी. परंतु कोणत्या सालापर्यंत एक आणि कोणत्या सालापासून दुसरा, हे सांगणारा आमच्यांत कोणी निघाला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी शिंदे सरकारच्या राज्यात बांधली गेलेली, सुमारे २०० किलोमीटर लांबीची, शंभर वर्षांहून अधिक काळ या गावच्या मध्यातून धावलेली गाडी! ती जाऊन पुरते एक तपही उलटले नाही, आणि तिचा रंग आम्हांस ठाऊक नाही.

त्याच आठवड्यात एका सहकाऱ्यांनी आपल्या वडिलांच्या संग्रहातील एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ वाचावयास दिला. १९६८ साली निघालेला तो रेल्वेचा सचित्र कोश. त्याचे लेखक सी. हॅमिल्टन एलिस. तो ग्रंथ हाती आला नसता तर हा लेख लिहिला गेला नसता, म्हणून या गृहस्थांची ओळख वाचकांना करून देणे प्राप्त आहे. आणि ही ओळख केवळ परिचयादाखल नाही. एलिस यांच्या कामातून आपण काही घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कथबर्ट हॅमिल्टन एलिस यांचा जन्म १९०९ सालचा आणि मृत्यू १९८७ सालचा. ते इंग्लंडातील रेल्वेचे इतिहासकार होते आणि चित्रकारही होते. ही दोन कामे त्यांनी वेगळी मानली नाहीत. आपल्या ग्रंथांत ते स्वतः काढलेली तैलचित्रे व रेखाटने घालीत, आणि त्यांची चित्रे पाहिली म्हणजे ती ग्रंथातीलच एखादे प्रकरण वाटतात. 'द ट्रेन्स वी लव्हड' म्हणजे 'आम्हांस प्रिय असलेल्या गाड्या' हे त्यांचे पुस्तक १९४७ साली निघाले आणि विशेष नावाजले गेले. ब्रिटिश रेल्वेचा त्यांनी लिहिलेला इतिहास दोन खंडांत आहे, पहिला १९५४ चा, दुसरा १९५९ चा. मिडलंड, नॉर्थ ब्रिटिश, साउथ वेस्टर्न, ब्रायटन अशा एकेका जुन्या कंपनीवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिले. ऑक्सफर्डहून निघालेल्या तंत्रविद्येच्या बृहद् इतिहासाच्या पाचव्या खंडात (१९५८) रेल्वेच्या अभियांत्रिकीवरील प्रकरण त्यांचेच आहे. शिवाय खेळण्यातल्या आगगाड्यांचा इतिहास, एक कादंबरी, आणि रेल्वेच्या इतिहासाची थट्टा करणारे एक विनोदी पुस्तकही त्यांच्या नावावर आहे! स्वतःच्या विषयावर हसू शकणारा इतिहासकार विरळा, म्हणून हे शेवटचे मुद्दाम सांगितले.

परंतु ग्रंथांच्या यादीने माणूस कळत नाही. एलिस समजून घ्यावयाचे तर १ जानेवारी १९२३ ही तारीख ध्यानात ठेवावी लागते. त्या दिवसापर्यंत ब्रिटनमध्ये शंभराहून अधिक रेल्वे कंपन्या होत्या, आणि प्रत्येकीचा आपला रंग होता. मिडलंडची इंजिने गर्द किरमिजी. कॅलिडोनियनची निळी. ग्रेट नॉर्दर्नची कोवळ्या सफरचंदासारखी हिरवी. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्नची इंजिने काळी कुळकुळीत, पण डब्यांचा खालचा भाग जांभळट आणि वरचा दुधाळ पांढरा. साउथ वेस्टर्नच्या डब्यांचा वरचा भाग तर चक्क गुलाबी छटेचा. एखाद्या मोठ्या जंक्शनवर चार कंपन्यांच्या गाड्या एकत्र आल्या म्हणजे फलाटावर आपल्याकडच्या रंगपंचमीसारखा देखावा होत असला पाहिजे. १९२१ च्या कायद्याने या सर्व कंपन्या मोडून चार मोठ्या कंपन्या करण्यात आल्या, आणि १९२३ पासून रंग एकामागून एक पुसले जाऊ लागले. एलिस त्या वेळी तेरा वर्षांचे होते. आमच्या आठवीतल्या मुलांएवढे!

तेरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांदेखत एक रंगीत जग नाहीसे झाले आणि त्याने पुढचे सारे आयुष्य ते आठवण्यात घालविले, असे कुणी म्हणेल. आम्हांस ते तितकेसे खरे वाटत नाही. नुसते आठवणे आणि नोंदवून ठेवणे यांत अंतर आहे. एलिस यांच्या काळी जुन्या गाड्यांची छायाचित्रे काही थोडीथोडकी नव्हती. हौशी छायाचित्रकारांनी त्यांचे ढीग घालून ठेवले होते. तथापि ती सर्व काळीपांढरी. आणि त्यातही एक गोम आहे, ती आम्हांस पूर्वी ठाऊक नव्हती. त्या काळच्या छायाचित्राच्या काचांना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे, आणि निळा दिसे तो फिकट, पांढुरका. म्हणजे किरमिजी इंजिन छायाचित्रात काळे उमटणार आणि गडद निळे इंजिन राखी वाटणार. ज्याला आपण अस्सल पुरावा समजतो ते छायाचित्रच रंगाच्या बाबतीत खोटी साक्ष देते. अशा वेळी ज्याने ते इंजिन उन्हात उभे असलेले पाहिले आहे आणि ज्याच्या हातात कुंचला आहे, अशा माणसाची साक्ष लाखमोलाची ठरते.

बरे, लेखी कागदपत्रांवर विसंबावे, तर तेथेही फसगत. ब्रायटनच्या रेल्वेचे प्रमुख अभियंते विल्यम स्ट्राउडली यांनी आपल्या इंजिनांस जो रंग दिला होता त्याचे नाव होते 'सुधारित इंजिनी हिरवा'. प्रत्यक्षात तो हळदीकडे झुकणारा, गेरूमिश्रित पिवळा होता! स्ट्राउडलींना रंग नीट ओळखू येत नसत अशी आख्यायिका आहे. तिचे खरेखोटे आम्हांस कळण्याचे साधन नाही. परंतु समजा, शंभर वर्षांनी कुणी कचेरीतील दप्तर उघडून 'हिरवा' हा शब्द वाचला आणि तेवढ्यावरून चित्र काढले, तर? सुदैवाने त्यांचे १८८२ सालचे 'ग्लॅडस्टन' हे इंजिन जतन झाले, आणि यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ते आपल्या पिवळ्या वेषात आजही उभे आहे. सगळ्याच रंगांच्या नशिबी असे संग्रहालय नसते. एलिस यांची कित्येक चित्रेही त्याच संग्रहालयाच्या संग्रही आहेत, हे योग्यच झाले.

आता आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते त्या त्यांच्या कामाकडे वळतो. रेल्वेचे प्रेमी म्हणविणारे बहुतेक लोक इंजिनाचे प्रेमी असतात. चाके किती, बाष्पाचा दाब किती, वेग किती, यांवर रात्र जागवतील. पण मागच्या डब्यांकडे ढुंकून पाहणार नाहीत. वास्तविक माणसे बसतात ती डब्यांत. एलिस यांनी १९४९ साली एकोणिसाव्या शतकातील डब्यांवर एक ग्रंथ लिहिला आणि पुढे १९६५ साली तो वाढवून १८३० ते १९१४ पर्यंतचा ब्रिटिश बेटांतील डब्यांचा इतिहास म्हणून नव्याने सिद्ध केला. या विषयाला इतिहासाचा दर्जा मिळवून देण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

आणि हा इतिहास किती बोलका आहे पाहा! आरंभीचा पहिल्या वर्गाचा डबा म्हणजे घोडागाडीच्या तीन पेट्या एका चौकटीवर शेजारी शेजारी बसविलेल्या. आगगाडी नवी, परंतु तीत बसणाऱ्या श्रीमंताला आपण अजून आपल्या बग्गीतच आहोत असे वाटले पाहिजे, म्हणून बाहेरून त्या तिन्ही पेट्यांच्या गोलाईच्या रेषादेखील रंगाने काढीत. सामान छपरावर, घोडागाडीवर असे तसेच. तिसऱ्या वर्गाला मात्र उघडा खटारा. पावसाचे पाणी साचू नये म्हणून तळाला भोके पाडलेली. १८४४ साली ग्लॅडस्टन यांच्या पुढाकाराने कायदा झाला, तेव्हा कुठे तिसऱ्या वर्गाच्या माणसाला दिवसातून एक तरी गाडी, मैलाला एक पेनी भाडे, ताशी किमान १२ मैल वेग आणि डोक्यावर छप्पर या गोष्टी हक्काने मिळाल्या. डोक्यावर छप्पर असावे यासाठी कायदा करावा लागला, हे वाक्य आम्ही पुन्हा पुन्हा वाचले. १८७२ साली मिडलंड कंपनीने आपल्या सर्व गाड्यांना तिसरा वर्ग जोडला आणि १८७५ साली दुसरा वर्ग रद्द करून तिसऱ्याच्या बाकांना गादी दिली, तेव्हा इतर कंपन्यांनी केवढा आकांत केला! गरिबाला गादी दिली तर पहिल्या वर्गाचे तिकीट कोण घेणार, ही त्यांची तक्रार.

दिव्यांची कथा अशीच. छपराला भोके असत, आणि सायंकाळी दिवेवाला डब्यांच्या छपरांवरून चालत जाऊन त्या भोकांतून तेलाचे पेटते दिवे आत सोडी. पुढे गॅस आला. १८८१ साली ब्रायटनच्या मार्गावरील एका पुलमन डब्यात विजेचे दिवे लागले, ते तिकडचे पहिले. हिवाळ्यात डबा गरम ठेवण्याची सोय नव्हती. पाय शेकण्यासाठी गरम पाण्याने भरलेले पत्र्याचे चपटे डबे स्थानकावर मिळत. एका डब्यातून दुसऱ्यात जाण्याची वाट असलेली पहिली संपूर्ण गाडी ब्रिटनमध्ये १८९२ साली धावली. तोवर दोन स्थानकांच्या मध्ये प्रवासी आपल्या खणात अक्षरशः कोंडलेला असे. ही माहिती कंपनीच्या नफ्यातोट्याच्या ताळेबंदात सापडत नाही. इंजिनांच्या कोष्टकांत तर नाहीच नाही. दिवा कुठल्या भोकातून आत येई, पायदान किती खाली होते, खिडकीचा पट्टा कातड्याचा होता की कापडी, हे ज्याला चित्र काढावयाचे आहे त्यालाच विचारावे लागते. लेखक 'डबा' असा एक शब्द लिहून पुढे जाऊ शकतो. चित्रकाराला खिडक्या मोजाव्याच लागतात. एलिस यांच्या इतिहासलेखनात जो ठसठशीतपणा आहे तो त्यांच्यातील चित्रकाराने त्यांना दिला, अशी आमची समजूत आहे.

येथे कुणी म्हणेल की आगगाडीची चित्रे थोरामोठ्यांनीही काढली आहेत. टर्नर यांनी १८४४ साली पावसातून धावत येणारे इंजिन रंगविले, मोने यांनी १८७७ साली पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकातील वाफ रंगविली. ती जगप्रसिद्ध चित्रे आहेत आणि त्यांच्या पंक्तीला एलिस यांना बसविण्याचा आमचा मुळीच विचार नाही. टर्नर व मोने यांनी वाफ, धूर आणि प्रकाश रंगविला. त्यांच्या चित्रांवरून डब्याला चाके किती होती हे सांगता येणार नाही, आणि त्यांना ते सांगावयाचेही नव्हते. एलिस यांची पायरी खालची असेल, पण ती पायरी रिकामी राहिली असती तर नुकसान आपलेच झाले असते.

त्यांच्या चित्रांविषयी आणखी एक गोष्ट आम्हांस फार आवडली. ब्रिटनमधील डब्यांत बाकाच्या पाठीवर, सामानाच्या फळीखाली, काचेमागे लहान लहान चित्रे लावण्याची चाल होती. बहुधा समुद्रकाठची गावे, किल्ले, चर्चे. १ जानेवारी १९४८ ला रेल्वे राष्ट्राच्या मालकीची झाली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत लंडन मिडलंड विभागासाठी एलिस यांनी अशा चित्रांची एक मालिका काढून दिली. अमुक साली प्रवास कसा होता, तमुक साली कसा होता, असे प्रत्येक चित्रात एकेका सालचे दृश्य. विचार करा, रोज कामावर जाणारा गिरणीतला मनुष्य समोरच्या बाकावर पाहतो तो त्याच मार्गावरून त्याच्या आज्याने केलेला प्रवास त्याला दिसतो! चित्रशाळेत जाण्याची सवड ज्याला नाही त्याच्यापुढे चित्रशाळाच येऊन बसली. आपल्या डब्यांत त्या जागी बहुधा सूचना असतात, आणि सूचनांवर कोरलेली नावे.

एवढी स्तुती केल्यावर, जे आम्हांस खटकते तेही सांगितले पाहिजे. 'आम्हांस प्रिय असलेल्या गाड्या' या नावातील 'आम्ही' म्हणजे कोण? १९१४ पूर्वीचा तो झळझळीत काळ सर्वांनाच तसा नव्हता. रुळांवर काम करणारे गँगमन, डबे जोडणारे, फायरमन यांच्यांतील शेकडो माणसे दरवर्षी कामावर मृत्यू पावत. कामाचे तास इतके लांबत की १८९३ साली त्यांवर कायद्याने लक्ष ठेवावे लागले. सर्व डब्यांना एकसंध ब्रेक असलेच पाहिजेत ही सक्ती १८८९ साली झाली, ती आयर्लंडात आर्मा येथे सहलीला निघालेल्या गाडीचा अपघात होऊन ऐंशी माणसे, त्यांत पुष्कळशी लहान मुले, गेल्यावर. १९११ च्या ऑगस्टमध्ये रेल्वे कामगारांनी देशव्यापी संप केला तो या चकचकीत इंजिनांच्याच काळात. त्या इंजिनांच्या पितळेला लकाकी आणणारे हात पहाटेपासून राबत होते, आणि त्या हातांना गाडी प्रिय होती की कसे, कोण जाणे! एलिस यांना हे माहीत नव्हते असे नाही. अपघातांविषयी आणि सुरक्षेविषयी त्यांनी लिहिले आहे. पण कुंचला हाती घेतला की त्यांच्या चित्रातले आकाश बहुधा निरभ्र होते. प्रेमाने काढलेल्या चित्राला हा दोष चिकटतोच. म्हणून इतिहास म्हणून ती चित्रे पाहताना शेजारी दुसरा एखादा रूक्ष ग्रंथही उघडा ठेवावा, असे आम्ही सुचवू.

आपल्याकडे तर हा प्रश्न अधिकच तीव्र आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, त्यानंतर दहाच वर्षांत गोविंद नारायण माडगावकरांच्या 'मुंबईचे वर्णन' या ग्रंथात आगगाडीने लोकांना कसे चकित केले याची हकिकत आली. मराठी लेखकाची नजर तेव्हा ताजी होती. पुढे १९१७ साली गांधीजींनी हिंदुस्थानातील तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर पुस्तिका लिहिली ती प्रेमाची नव्हे, किळसेची आणि संतापाची होती. घाण, गर्दी, उद्धटपणा. ब्रिटनमधील तिसऱ्या वर्गाला १८७५ सालीच गादी मिळाली होती, हे त्या पुस्तिकेशेजारी ठेवून वाचावे! तेव्हा आपल्या गाड्यांचे चित्र काढणाऱ्याला केवळ गोड रंग वापरून चालणार नाही. छोट्या लाईनीच्या छपरावर माणसे बसत ती मौजेखातर नव्हे, आत जागा नसे म्हणून बसत. कैलारस-सबलगढहून ग्वाल्हेरला दवाखान्यात येणारा रोगी त्याच गर्दीतून येई. त्याचेही चित्र हवे.

हा लेख लिहिताना एका मित्रांनी आम्हांस टोकले. ते म्हणाले, "दोन फुटी गाडी गेली त्यात वाईट काय झाले? दहा-अकरा तासांचा तो छळ होता. रुंद रूळ आले, काही भागावर नवी गाडी सुरूही झाली. तुम्ही मास्तरमंडळी गेलेल्याचे गोडवे गाता." त्यांचे म्हणणे आम्ही पूर्णपणे मान्य करतो. ती गाडी परत यावी अशी आमची इच्छा नाही. जौऱ्याचा विद्यार्थी सकाळी निघून वेळेवर महाविद्यालयात पोहोचत असेल तर त्याहून चांगले काय! एलिस यांनीही जुन्या कंपन्या पुन्हा उभ्या कराव्यात अशी मागणी करण्यात आयुष्य घालविले नाही. ११ ऑगस्ट १९६८ रोजी ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वेवरील वाफेच्या इंजिनांचा शेवटचा प्रवास झाला, आणि त्याच वर्षी त्यांचे 'निघून गेलेली इंजिने' अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक बाहेर आले. गेली ती गेली, असे शांतपणे म्हणून त्यांनी ती लिहून आणि रंगवून ठेवली. आमचे मागणे एवढेच आहे, आणि ते सरकारकडे नाही, या शाळेतल्या मुलांकडे आणि त्यांच्या पालकांकडे आहे.

आमच्या गावाची एक गंमत आहे. जयविलास राजवाड्यातील भोजनाच्या लांबलचक मेजावर चांदीची एक चिमुकली आगगाडी आहे. पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार घेऊन ती रुळांवरून फिरत असे. बाहेरगावचा प्रत्येक पाहुणा ती पाहून जातो आणि तिचे वर्णन आपल्या घरी जाऊन करतो. तिच्या डब्यांवरील अक्षर न् अक्षर आज सुरक्षित आहे. आणि जी गाडी लाखो माणसांनी वापरली, जीत कुणाची लग्ने जमली, कुणाच्या परीक्षा बुडाल्या, तिच्या खिडकीला गज किती होते हे आम्हांस सांगता येत नाही.

म्हणून पुढील वर्षाच्या या वार्षिकात चार पाने छोट्या लाईनीसाठी राखून ठेवावीत, असा आमचा संपादक मंडळापुढे प्रस्ताव आहे. चित्र सुंदर नसले तरी चालेल. चित्राखाली तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: कोणत्या सालची गाडी, कोणत्या स्थानकावर पाहिली, आणि कुणी सांगितले. आजोबांनी सांगितले असेल तर आजोबांचे वय. दोन माणसांनी दोन रंग सांगितले तर दोन्ही लिहावेत, एक खोडू नये. तिकिटाचा तुकडा, जुनी पास, लग्नाच्या वऱ्हाडाचे छायाचित्र, जे मिळेल ते वर्गशिक्षकांना दाखवून परत न्यावे.

प्रस्ताव मंजूर होईपर्यंत आम्हीही स्वस्थ बसलो नाही. दौलतगंजात त्या लाईनीवर गार्ड म्हणून नोकरी केलेले एक वृद्ध गृहस्थ राहतात, त्यांच्याकडे मागच्या रविवारी आठवीतील चार मुले आणि आम्ही रंगपेटी घेऊन गेलो. त्यांनी पेटीतल्या वड्या एक एक करून निरखल्या, विटकरी आणि किरमिजी यांच्यामध्ये बराच वेळ बोट फिरविले, मग दोन्ही मिसळून त्यात किंचित काळा घालावयास सांगितले. "असा," ते म्हणाले, "पण हा धुतलेल्या डब्याचा. आमचा डबा कधी धुतलेला नसायचा." एका मुलाने लगेच त्यात मातकट रंग मिसळला. तेवढ्यात आतून चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी कागदाकडे पाहून म्हणाल्या, "हे काय? मी लग्न होऊन आले तेव्हा डबे असे नव्हते. आणि खिडक्यांच्या झडपा कुठे आहेत?"

मुलांनी दुसरा कागद काढला.